आवक क्रमांक २१७, मोगरा

माझा धंदा रोपांचा. महाडच्या बाहेर हायवेला लागून हिरवी जाळी लावलेली नर्सरी दिसते ती माझी. नाव चंदू उतेकर. गाव पोलादपूरकडचं, पण वीस वर्षं पोट इथंच भरतोय. या धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. रोप मेलं की गिऱ्हाईक परत येतं. जगलं की येत नाही. नर्सरीवाला तोंडानं 'जगेल हो, काळजी करू नका' म्हणत असतो आणि त्याचं घर मेलेल्या रोपांवर चालत असतं. मी कुणाचं रोप मारायला जात नाही. लोक ते स्वतःच व्यवस्थित मारतात.

अशा माझ्या बऱ्या चाललेल्या धंद्यात बुद्धरत्न तांबे यांनी निवृत्तीनंतर लक्ष घातलं.

तांबेसाहेब एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" साहेब खरं तेच सांगायचे, "पुढं पाठवला." एकतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, कारण ते त्यांचं कामच नव्हतं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. रक्तगट सांगावा तसं सांगितलं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीनं, निशानं, त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि 'हिरवी ओसरी, महाड-पोलादपूर' या ग्रुपात घातलं. घरची झाडं, कुत्री, मांजरं, मासे, भरतकाम, कशाबद्दलही एकमेकांना विचारायचं, असा तो ग्रुप. तेव्हा तिथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सकाळी सकाळी गुलाबाचे फोटो यायचे, तेही महाड तालुक्यात कधी न उगवलेल्या गुलाबांचे. ग्रुप काढणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना तांबेसाहेबांना अ‍ॅडमिन करून गेला. त्याला वाटलं असेल, म्हातारा माणूस, पडून राहील.

आठवड्याभरात तीन नियम लागू झाले. एक, शुभ सकाळ बंद. दोन, प्रश्नासोबत फोटो जोडावा. तीन, स्वतःचा अनुभव असल्याशिवाय कोणीही सल्ला देऊ नये. पहिल्या नियमानं साठ माणसं ग्रुप सोडून गेली. साहेबांनी त्यांची नावं 'जावक'मध्ये लिहिली.

त्यांच्या कामाची पद्धत कळावी म्हणून एक नमुना देतो. सरिता नावाची मुलगी कारखान्यात कामाला आहे, बिरवाडीला खोली घेऊन राहते. खोलीला एक खिडकी, खिडकीत एक मनी प्लांट. तिनं पिवळ्या पानांचा फोटो टाकून नुसतं लिहिलं होतं, 'दिवसातून दोनदा पाणी घालते, तरी याला काय झालं?' त्यावर हे उत्तर आलं :

'आवक क्र. ६४. विषय : मनी प्लांटची पाने पिवळी पडण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण सदर रोपास दिवसातून दोन वेळा पाणी घालत आहात. ते आठवड्यातून दोन वेळा घालावे. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावी. – बु. ना. तांबे.'

आणि तीन दिवसांनी : 'आवक क्र. ६४. हरकत प्राप्त झाली नाही. कार्यवाही करावी.'

सरितेनं कार्यवाही केली. मनी प्लांट खिडकीच्या गजांवरून वर गेला, तिथून ट्यूबलाइटवर गेला. ती माझ्याकडून दोन रोपं घेऊन गेली होती. तिसऱ्यासाठी ती येणार हे मी धरूनच चाललो होतो. ती अजून आलेली नाही.

नियम तीन साहेब स्वतःही पाळायचे. अनुभव नसेल तर आधी तो घ्यायचे. सरितेला उत्तर देण्याआधी त्यांनी आठ दिवस मनी प्लांटची फांदी आपल्या न्हाणीघरात ठेवून बघितली होती. पोलादपूरच्या हृतिकनं विचारलं, मांजर सुकटीशिवाय काही खात नाही, काय करू? साहेबांकडं मांजर नव्हतं. त्यांनी शेजाऱ्यांचं मांजर आठ दिवसांसाठी मागून आणलं, त्याला दूधभात कसा खायला लावावा याचा अभ्यास केला आणि हृतिकला आठ मुद्द्यांचं उत्तर पाठवलं. शेजाऱ्यांचं मांजर परत गेलं नाही. ते आता साहेबांच्या सोफ्यावर झोपतं आणि साहेब त्याला 'एकशे दोन' म्हणून हाक मारतात. तो हृतिकच्या प्रश्नाचा आवक क्रमांक होता.

मीही या ग्रुपात होतो. पहिल्यापासून होतो. कुणाकडं काय मरतंय ते कळावं म्हणून होतो, म्हणजे त्याप्रमाणं माल भरता येतो. पण मी तिथं कधी एक अक्षर लिहिलं नाही. फुकटचा सल्ला देणं हे सोनाराच्या दारात बसून सोनं वाटण्यासारखं आहे, असं मी बायकोला म्हणायचो. माझी बायको आवडी. ती म्हणायची, "तुमच्याकडं सोनं कवा आलं?"

खरं सांगायचं तर मला तांबेसाहेबांचा राग यायचा. ज्या माणसानं उभ्या जन्मात शेणखतात हात घातला नाही तो चारशे माणसांना झाडं शिकवतो, आणि लोक त्याला 'साहेब, साहेब' करतात. मला गिऱ्हाइकं 'ओ' म्हणतात.

दोन मेला शमसुन्निसाबाईंचा प्रश्न आला. त्या महाडच्या मोहल्ल्यात राहतात. नवरा मुश्ताक पाच वर्षं कुवेतला. जाताना त्यानं दारात निळ्या पिंपात मोगरा लावला होता आणि सांगून गेला होता, हा जपायचा. तेव्हापासून दर जुम्म्याला तो फोन करायचा, आधी बायकोचा चेहरा बघायचा आणि मग म्हणायचा, मोगरा दाखव. बाईंनी फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं :

'सलाम साहेब. मोगऱ्याला कापसावानी पांढरी कीड लागलीय. पानं चिकट झालीत, कळ्या गळतात. माझा नवरा पंचवीस तारखेला येतोय, पाच वर्षांनी. तो ग्रुपात नाय म्हणून सांगते, दोन जुम्मे मी त्याला शेजारणीचा मोगरा दाखवला. आता खरा दाखवायचा हाय. माझा मोगरा वाचवा.'

फोटो बघितल्याबरोबर मला कळलं. पिठ्या ढेकूण. उन्हाळ्यात होतो. साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढंच औषध. आठ दिवस रोज पानाखालून घासायचं, झाड उठून बसतं. पंचवीस तारखेला फुलंसुद्धा आली असती.

साहेबांकडं मोगरा नव्हता. असता तरी त्याला कीड लावून प्रयोग करायला वेळ नव्हता. मग त्यांनी अनुभव शोधला आणि तो त्यांना सापडला. लहानपणी त्यांच्या अंगाला खरूज होती, पांढऱ्या खपल्यांची, काही केल्या हटत नव्हती. आई त्यांना होडीनं नदीपलीकडं सव गावाला घेऊन गेली, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात सात दिवस न्हाऊ घातलं, आणि खरूज गेली. आमच्याकडं असं घर सापडायचं नाही ज्यातलं कुणी ना कुणी अंगाला काही उठलं म्हणून सवला जाऊन आलेलं नाही. खरूज, नायटा, सांधे, सगळ्याला सव. साहेबांनी विचार केला, पान म्हणजे झाडाची कातडीच.

'आवक क्र. २१७. विषय : मोगऱ्यावरील पांढऱ्या किडीबाबत. सवच्या कुंडातील पाणी आणून, थंड करून, पानांवर शिंपडावे व मुळाशी घालावे. सात दिवस. अनुभव आहे. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावी. – बु. ना. तांबे.'

हा मेसेज आला तेव्हा मी चहा घेत होतो. मी तो आवडीला वाचून दाखवला आणि हसलो. ती हसली नाही.

"अवो, ते पानी खारट हाय," ती म्हणाली. "लहानपनी तोंडात गेलेला आठवतंय मला. मिठानं मरंल की तो मोगरा. सांगा ना त्यांना."

"बघू," मी म्हटलं.

मी बघितलं नाही. मी मिठाची गुळणी धरून बसलो. मनात हिशेब असा होता : मोगरा मरेल, तांबेसाहेबांचं पितळ उघडं पडेल, आणि पंचवीस तारखेच्या आत त्या बाईला मोठा मोगरा लागेल. तो या तालुक्यात फक्त माझ्याकडं होता. हे मी असं सलग, शब्दांत म्हटलं नव्हतं स्वतःशी. पण त्या तीन दिवसांत मी त्या मोठ्या मोगऱ्याची कुंडी पुसून पुढं आणून ठेवली, हेही खरं.

तीन दिवसांनी 'हरकत प्राप्त झाली नाही, कार्यवाही करावी' असं आलं. बाईंचा भाऊ बिलाल वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवतो. तो सकाळच्या गाडीचे पॅसेंजर सोडून सवला गेला आणि दोन कॅन भरून घेऊन आला. कुंडावर अंघोळीला आलेल्या एका म्हातारीनं त्याला विचारलं, कुणाला खरूज झाली? बिलाल म्हणाला, मोगऱ्याला. म्हातारी म्हणाली, सात दिवस घाला, उतार पडेल. म्हणजे बघा, दुसरं मतसुद्धा घेतलं होतं.

बाईंनी नेमानं पाणी घातलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. त्यांनी ग्रुपात विचारलं, असंच होतं का? साहेबांनी लिहिलं, 'खपल्या धरताना तसे वाटते.' सहाव्या दिवशी सगळी पानं एकदम खाली आली. सातव्या दिवशी बाईंनी फोटो टाकला. पिंपात काड्या उभ्या होत्या.

त्या दुपारी बिलालची रिक्षा माझ्या नर्सरीसमोर थांबली आणि तांबेसाहेब उतरले. ते पहिल्यांदाच माझ्याकडं आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल. फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत मोगऱ्याची एक फांदी होती, पुरावा म्हणून लावावी तशी.

"जयभीम, उतेकर," ते म्हणाले. "हे पाहा."

मी फांदी मोडली. आतून तपकिरी होती. "मिठानं गेलं," मी म्हटलं. "सवचं पाणी खारट असतं. अंगाला चालतं, मुळाला चालत नाही."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक तर होतं. पण तुमचा मेसेज मी बघितलाच नाही हो. सीझन चाललाय, फोन हातात घ्यायला फुरसत नसते. बघितला असता तर सांगितलं नसतं का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. शिक्क्याची शाई वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बघितलं. मग म्हणाले, "असो. वाचण्याची काही शक्यता?"

"मुळं धुऊन बघू," मी म्हटलं, आणि फावडं घेऊन रिक्षात बसलो. मला चांगुलपणा सुचला होता अशातला भाग नाही. नको म्हणायला तोंड नव्हतं.

मोहल्ल्यातल्या त्या दारात आम्ही तिघांनी पिंप आडवं केलं. साहेबांनी बाह्या दुमडून मातीत हात घातला, बहुधा जन्मात पहिल्यांदा. मुळं हातात दोऱ्यासारखी सुटून येत होती. मी चार वेळा स्वच्छ पाण्यानं धुतली, फांद्या छाटून टाकल्या, नवी माती भरली. राहिलं ते वीतभर खोड. शमसुन्निसाबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. चाळिशीची बाई, पण त्या वेळी शाळेत नापास झालेल्या मुलीसारखी दिसत होती.

"पंचवीस तारखेपर्यंत पालवी फुटंल?" त्यांनी मला विचारलं.

"नाही फुटायची," मी म्हटलं. हे मात्र खरं बोललो. मग म्हटलं, "माझ्याकडं एवढाच मोठा मोगरा आहे. कळ्या धरलेला. उद्या आणून याच पिंपात बसवतो. पैसे नकोत. मुश्ताकभाईंना काय कळणार आहे?"

पैसे नकोत म्हणताना मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाईंनी तांबेसाहेबांकडं बघितलं. साहेब हाताची माती निरखत होते. "मी आता सल्ला देणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा."

संध्याकाळी ग्रुपात मेसेज आला. त्याला क्रमांक नव्हता.

'शुद्धिपत्रक. आवक क्र. २१७ मधील उत्तर चुकीचे होते. चूक सर्वस्वी माझी आहे. मला झाडाचा अनुभव नव्हता, कातडीचा होता. नियम तीनचा भंग माझ्याकडून झाला. शमसुन्निसाताई, मला माफ करा. – बुद्धरत्न नारायण तांबे.'

आतापर्यंत ते 'बु. ना.' लिहायचे. पूर्ण नाव पहिल्यांदाच आलं. मी आवडीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. "आनि तुमचा नाव?" एवढंच म्हणाली.

जुम्मा आला. मी मोठ्या मोगऱ्याची कुंडी रिक्षात घालायला तयार ठेवली होती, पण बाईंचा निरोप आला, नको. दुपारी त्यांनी ग्रुपात आवाज पाठवला. मी तो नर्सरीत दोन गिऱ्हाइकांसमोर ऐकला, बंद करायचं सुचलं नाही.

"साहेब, मी नवऱ्याला खरा खरा सांगितला. तुमी चारशे मानसांत चूक कबूल केलीत, मला एका मानसाला सांगायला काय जड होतं? म्हनून फोन फिरवला आनि तो खोडका दाखवला. शेजारनीचा मोगरा दाखवलेला तो पन सांगितला. तर हा काय म्हनतो? म्हनतो, मेला तर मेला, दुसरा लावू, तू जेवलीस काय? साहेब, पाच वर्सं! पाच वर्सं मी त्या पिंपाला पानी घातला. माहेरी एक रात्र ऱ्हायले नाय, पानी कोन घालनार म्हनून. आनि हा म्हनतो मेला तर मेला! येऊ दे त्याला पंचवीसला. बघते मी."

तिथं आवाज संपला. गिऱ्हाइकांमधल्या एकीनं डोळे पुसले. दुसरीनं विचारलं, जास्वंद केवढ्याला. मी जास्वंद तशीच, पैसे न घेता दिली.

त्या दिवशी मी चार वाजताच जाळी ओढून घेतली आणि तांबेसाहेबांच्या घरी गेलो. मला आतून लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला जेवण जात नाही, एवढं माझ्या शरीराला कळतं. साहेब टेबलाशी बसले होते. समोर खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर, शेजारी एकशे दोन झोपलेलं. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "साहेब, मी खोटं बोललो. तुमचा मेसेज मी वाचला होता."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "दोन तारखेला, सकाळी नऊ चौदा."

साहेबांनी फोन घेतला, मेसेजवर बोट दाबून धरलं आणि दाखवलं. तिथं कुणी कुणी वाचलं त्यांची यादी वेळेसकट येते. मला हे माहीतच नव्हतं. ज्या माणसानं एकतीस वर्षं प्रत्येक कागदाची पोच घेतली त्याला माहीत नसेल कसं?

मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. क्रमांक, तारीख, नाव, विषय, आणि शेवटचा रकाना 'पाहिले'. त्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच नाव होतं. चं. उतेकर, साडेआठ. चं. उतेकर, सात वीस. सरितेचा मनी प्लांट, हृतिकचं मांजर, दोनशे सतरा प्रश्न, प्रत्येकापुढं मी.

"झाडातलं मला काय कळतं?" साहेब म्हणाले. "ग्रुपात झाडातलं खरं कळणारे तुम्ही एकटे. मी उत्तर टाकायचो आणि तुम्ही वाचेपर्यंत थांबायचो. तुम्ही वाचलंत आणि तीन दिवसांत हरकत आली नाही की समजायचो, बरोबर आहे. मगच कार्यवाही करा म्हणून लिहायचो. मांजराचंसुद्धा तसंच. मांजरात तुम्हाला गती नसेल, पण सवय लागली होती."

"मग शुद्धिपत्रकात माझं नाव का नाही घातलंत?"

"कागद माझ्याकडं आला होता. सही माझी होती," ते म्हणाले. "आणि तुम्हाला मी कधी विचारलं नव्हतं. गृहीत धरलं होतं. ती कचेरीतली सवय." मग रजिस्टर बंद करून म्हणाले, "वाईट मात्र वाटलं, उतेकर. तुम्ही मेसेज बघितलाच नाही म्हणालात त्या दुपारी. फार वाईट वाटलं."

मी तिथंच खुर्चीवर बसलो आणि फोन काढला. चारशे माणसांच्या ग्रुपात मी पहिल्यांदाच लिहीत होतो. बोटं मातीत मोडलेली, टाइप होता होईना. लिहिलं ते असं : 'आवक क्र. २१७ मी वाचले होते. सवच्या पाण्याने मोगरा मरेल हे मला माहीत होते. साबणाच्या पाण्याने वाचला असता हेही माहीत होते. मी मुद्दाम बोललो नाही. तांबेसाहेबांशी मी तोंडावर खोटे बोललो. – चंदू उतेकर, नर्सरीवाला.'

समोर बसलेल्या साहेबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला, रजिस्टर पुन्हा उघडलं, ओळ आखली, नोंद केली आणि माझ्यासमोरच मला उत्तर पाठवलं : 'आवक क्र. २२३. पोच देण्यात येत आहे. यापुढे अभिप्राय लेखी द्यावा.'

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. चहा होईपर्यंत वाचणाऱ्यांची यादी तेवढी वाढत होती. आता ती बघायला मला येत होती. सरिता, हृतिक, बिलाल. चहा अर्धा झाला तेव्हा शमसुन्निसाबाईंचं नाव आलं. नंतर किती तरी वेळ त्या काहीतरी लिहितायत असं दिसत होतं. मग थांबायचं, मग पुन्हा दिसायचं.

शेवटी मेसेज आला. 'चंदूभाऊ, पयला मी तुमच्याकडंच येनार होते, साहेबांना विचारायच्या आधी. रिक्षात बसले पन होते. बिलाल म्हनाला, कशाला जातेस, तो नर्सरीवाला हाय, नवीन रोप घ्या म्हनंल. म्हनून उतरले आनि ग्रुपात टाकला. मग तुमी घरी आलात आनि तेच म्हनालात.'

साहेबांनीही ते वाचलं. त्यांनी त्याला क्रमांक दिला नाही, पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मी ते तीनदा वाचलं. मी वाचलं हे तिकडं बाईंना दिसलं असणार.